सातबारावर नाव असलं म्हणजे मालकी झाली का?

"तुकडेबंदी उठली, आता गुंठा-गुंठा बिनधास्त घ्या." शेतजमिनीचे लहान तुकडे करून विकण्यावरच्या बंदीला तुकडेबंदी म्हणतात. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये तिच्याबद्दल राज्य सरकारचा अध्यादेश आला, तेव्हापासून हे वाक्य कोल्हापूरच्या उपनगरांत सर्रास ऐकू येतं. पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, वडणगे या पट्ट्यात दोन गुंठे घेऊन घर बांधावं, हे इथल्या कितीतरी नोकरदार कुटुंबांचं स्वप्न आहे. त्यासाठी निवृत्तीचा फंड लागतो, बायकोचे दागिने लागतात, गावाकडचं रान विकलं जातं. आणि एवढा पैसा बहुतेक वेळा एकाच कागदाच्या भरवशावर दिला जातो. विकणारा सातबारा पुढे करतो, त्यावर त्याचं नाव असतं, घेणाऱ्याचं समाधान होतं.

हे समाधान धोक्याचं आहे. सातबारा काय सांगतो आणि काय सांगत नाही, एवढं जरी नीट कळलं तरी जागेच्या व्यवहारातले निम्मे घोटाळे आधीच दिसतात.

सातबारा कशासाठी असतो?

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांचा एकत्र उतारा. सातमध्ये जमीन कुणाच्या नावे आहे, क्षेत्र किती, आकार (म्हणजे शेतसारा) किती, इतर हक्क कोणाचे, हे लिहिलेलं असतं. बारामध्ये पीकपाणी. हा कागद तयार झाला तो सरकारला शेतसारा कोणाकडून घ्यायचा हे कळावं म्हणून. तो महसुली दप्तरातला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६च्या कलम १५७नुसार त्यातली नोंद खरी मानली जाते, पण विरुद्ध काही सिद्ध होईपर्यंतच. सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितलं आहे की महसुली नोंदीने मालकी मिळत नाही आणि नोंद गेल्याने मालकी जातही नाही.

आपल्याकडच्या माणसाला हे उसाच्या नोंदीवरून चटकन कळेल. कारखान्याकडे ऊस थोरल्या भावाच्या नावावर नोंदलेला असतो, बिल त्याच्याच खात्यावर जमा होतं. म्हणून रान एकट्या थोरल्याचं झालं असं भावकीत कोणी म्हणत नाही. सातबारावरचं नाव पुष्कळदा असंच असतं. जुन्या उताऱ्यांवर नावापुढे "ए.कु.मॅ." असं लिहिलेलं दिसेल. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, असा त्याचा अर्थ. म्हणजे नाव एकाचं आणि हक्क सगळ्या कुटुंबाचा. ही तीन अक्षरं दिसली की खरेदी करणाऱ्याने तिथेच थांबून बाकीची माणसं कोण, हे विचारायला हवं.

शहरातल्या जागेला सातबाराऐवजी प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे मिळकत पत्रिका असते. ए वॉर्डपासून ई वॉर्डपर्यंत सिटी सर्व्हे नंबरनुसार ती मिळते. तीही नोंदच आहे. घरफाळ्याची पावती तर त्याहून कमी वजनाची. महापालिका घरफाळा घेते तो इमारत उभी आहे म्हणून. कोणी किती वर्षं घरफाळा भरला यावरून जागेची मालकी ठरत नाही.

"पण रजिस्टर खरेदीखत झालंय की!"

खरेदीखत नोंदवणं अत्यावश्यक आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ आणि नोंदणी कायदा, १९०८ यांच्यानुसार १०० रुपयांहून जास्त किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत दस्ताशिवाय विकली जाऊ शकत नाही. सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दस्त दुय्यम निबंधकाकडे हजर करावा लागतो. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दरपत्रकाची, किंमत यांपैकी जी जास्त तिच्यावर लागतं. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार रुपये.

मात्र दुय्यम निबंधक तपासतो ते इतकंच: सही करणारी माणसं तीच आहेत का, मुद्रांक पुरेसा आहे का, कागद नियमात बसतो का. विकणारा खरोखर मालक आहे का, याचा निवाडा तो करत नाही. एप्रिल २०२५मध्ये तमिळनाडूतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं की विकणाऱ्याच्या मालकी हक्काची छाननी करणं हे नोंदणी अधिकाऱ्याचं काम नाही.

थोडक्यात, सरकारी कार्यालयातून शिक्क्यासह बाहेर आलेलं खरेदीखतसुद्धा तुम्हाला तेवढाच हक्क देतं, जेवढा विकणाऱ्याकडे होता. त्याच्याकडे चार आणे हिस्सा असेल तर सोळा आण्यांचं खरेदीखत करूनही तुमच्याकडे चार आणेच येतात. मालकीची हमी आपल्याकडे सरकार देत नाही. ती ज्याची त्याने मागे मागे जाऊन शोधायची असते.

मागे जायचं म्हणजे कुठे?

सातबारावर प्रत्येक नावाजवळ फेरफार क्रमांक असतात. फेरफार म्हणजे गाव नमुना ६मधली नोंद: हे नाव इथे का आणि कशाच्या आधारे लागलं. खरेदीने, वारसाने, वाटणीने, बक्षीसपत्राने, की कोर्टाच्या हुकुमाने. हे सगळे फेरफार काढून एकाखाली एक लावले की जमिनीची वंशावळ तयार होते. मग त्यातल्या प्रत्येक फेरफाराचा मूळ दस्त शोधायचा. खरेदी म्हटलं असेल तर खरेदीखत, वारस म्हटलं असेल तर कुटुंबात कोण कोण होतं याचा पुरावा.

वकिलांत साधारण ३० वर्षांचा शोध घेण्याची रीत आहे. कोल्हापुरात तेवढ्यावर भागू नये असं माझं मत आहे. इथे १ मार्च १९४९ला विलीनीकरण होईपर्यंत संस्थान होतं. इनामं, वतनं, देवस्थानच्या जमिनी यांचा पसारा मोठा होता. त्यावर पुढे कूळ कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या दिवशी कुळं मालक मानली गेली. तेव्हाचा एखादा अर्धवट राहिलेला धागा आजच्या प्लॉटपर्यंत पोहोचलेला असतो. सातबारा संगणकावर आला तरी जुने हस्तलिखित उतारे आणि फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून काढता येतात. ते काढाच.

दुसरीकडे नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये सूची २, म्हणजे इंडेक्स टू बघता येते. त्या गटावर कोणते दस्त नोंदले गेले ते तिथे दिसतं. एखादं साठेखत, म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार, नोंदलेलं असूनही सातबारावर त्याचा मागमूस नसतो, तो इथे सापडतो. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, आणि "आपली चावडी"वर प्रलंबित फेरफारांच्या नोटिसा दिसतात. जागा पसंत पडली की पहिल्याच संध्याकाळी हे दोन्ही घरबसल्या करता येतं.

कोर्टात चालू असलेला दावा मात्र यातल्या कशातच दिसेल असं नाही. दावा चालू असताना जागा घेतली तर त्या दाव्याचा निकाल घेणाऱ्यावरही बंधनकारक असतो. म्हणून दिवाणी न्यायालयातला शोध आणि स्थानिक दैनिकातली जाहीर नोटीस, दोन्ही हवीत. जाहीर नोटिशीला एखादी हरकत आली तर ती टाळण्याची नाही, समजून घेण्याची गोष्ट आहे. पैसे देण्याआधी हरकत आली हे तुमचं नशीब.

"बहिणींचं काय, त्यांची लग्नं होऊन तीस वर्षं झाली"

व्यवहार सर्वांत जास्त इथे अडतात, आणि अडायलाच हवेत.

वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्माने मुलाइतकाच हक्क आहे. महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात १९९४मध्ये तसा बदल केला होता, पण तो २२ जून १९९४पूर्वी लग्न झालेल्या मुलींना लागू नव्हता. ९ सप्टेंबर २००५पासून केंद्राच्या दुरुस्तीने लग्नाची ती अट गेली. तरीही "वडील २००५च्या आधीच वारले, मग मुलींना काय?" हा वाद चालूच होता. ११ ऑगस्ट २०२०च्या विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो मिटवला: वडील तेव्हा हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मानेच आहे. वडिलांची स्वकष्टार्जित जागा असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर मुलींचा समान वाटा १९५६च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे.

याला एक मर्यादा आहे आणि ती घेणाऱ्याच्या फायद्याची आहे. २० डिसेंबर २००४पूर्वी झालेली विक्री, तसंच त्याआधीची नोंदणीकृत किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली वाटणी या दुरुस्तीने उकरली जात नाही.

जुन्या फेरफारात पुष्कळदा असं वाचायला मिळतं: बहिणींनी तलाठ्यासमोर जबाब दिला, हक्क सोडला, नावं कमी केली. त्या जबाबावर विसंबून जागा घेऊ नका. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. ते नसेल तर बहिणींची, आणि त्या हयात नसतील तर त्यांच्या मुलांची, खरेदीखतावर संमतीदार म्हणून किंवा त्याहून चांगलं म्हणजे विकणार म्हणून सही घ्या. "त्या काही मागत नाहीत" हे भावाने सांगून उपयोग नाही. त्यांना वाटा द्यायचा की नाही हा भावांचा प्रश्न नाहीच, तो कायद्याने सुटलेला आहे. राहतो तो त्यांना विचारण्याचा साधा सभ्यपणा, आणि तो घेणाऱ्याने दाखवला तर त्याचाच व्यवहार पक्का होतो.

वर्ग १, वर्ग २ आणि देवाची जमीन

सातबाराच्या वरच्या भागात भूधारणा पद्धती लिहिलेली असते. "भोगवटादार वर्ग १" म्हणजे विकायला सहसा सरकारी परवानगी लागत नाही. "वर्ग २" म्हणजे जमीन काही अटींवर मिळालेली आहे आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. वतनाच्या, सरकारने वाटप केलेल्या, प्रकल्पग्रस्तांना दिलेल्या अशा जमिनी यात येतात. धरणांच्या लाभक्षेत्रात तर "इतर हक्क" या रकान्यात पुनर्वसन कायद्याखाली हस्तांतरणास बंदी असा शेराही असतो. इतर हक्कांचा रकाना लोक सर्वांत कमी वाचतात, पण कूळ, बँकेचा किंवा सेवा सोसायटीचा बोजा, विहिरीतला वाटा हे सगळं तिथेच लिहिलेलं असतं.

देवस्थान इनामाचं प्रकरण वेगळं आहे. तिथे मालक म्हणून देवाचं नाव असतं आणि पुजारी, गुरव किंवा कसणारा वहिवाटदार असतो. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीचं मुख्यालय कोल्हापुरातच आहे, आणि अंबाबाई, जोतिबापासून गावोगावच्या लहान देवळांपर्यंतचा कारभार तिच्याकडे आहे. अशी जमीन वहिवाटदाराला खासगी व्यवहारात विकता येत नाही. चार पिढ्या कसत आलो म्हणून विकण्याचा हक्क आपोआप येत नाही. गायरानाचंही तसंच.

आणखी एक गोष्ट लगेच सांगून टाकतो. जमीन शेतीच्याच वापरातली असेल तर शेतकरी नसलेल्या माणसाला ती थेट घेता येत नाही. विकास आराखड्यात बिगरशेती वापरासाठी दाखवलेल्या जमिनींना सवलती आहेत. त्यामुळे आधी झोन बघावा, मग बोलणी.

नोटरी, साठेखत, मुखत्यारपत्र

गुंठ्यांचा बराचसा बाजार या तीन शब्दांवर चालत आला. साठेखत म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार. त्याने मालकी येत नाही, करार पाळायला लावण्याचा हक्क येतो. नोटरी फक्त सही कोणी केली याची साक्ष देतो, त्याच्या शिक्क्याने विक्री होत नाही. आणि कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा दुसऱ्याला दिलेला अधिकार, घेऊन जागा "आपली" समजण्याच्या प्रथेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात फुली मारली: मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही. शिवाय ज्याने ते दिलं तो वारला की साधं मुखत्यारपत्र संपतं, आणि पुढे त्याच्या वारसांशी गाठ पडते.

"पण आता तर तुकडेबंदी उठली ना?"

आधी तुकडेबंदी म्हणजे काय ते बघू. १९४७च्या कायद्याने ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा करून शेतजमीन विकण्यावर बंदी घातली. हेतू चांगला होता, रानाच्या चिंधड्या होऊ नयेत. २०२३मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी हे प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला १० आणि जिरायतीला २० आर ठरवलं गेलं. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, जवळपास एक गुंठा. अर्थात दोन गुंठ्यांचा, म्हणजे २,१७८ चौरस फुटांचा प्लॉट त्यात बसतच नव्हता. शहरं मात्र वाढत राहिली, लोक घरं बांधत राहिले आणि लाखो व्यवहार नोटरीवर अडकून पडले.

२०२५च्या अध्यादेशाने १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले असे तुकडे शुल्क न घेता नियमित करण्याची वाट काढली. महापालिका-नगरपालिकांची हद्द, आराखड्यात रहिवास किंवा तत्सम वापरासाठी दाखवलेलं क्षेत्र, गावठाणालगतचा भाग अशा ठिकाणांसाठी ती आहे. ज्यांनी वर्षानुवर्षं स्वतःच्या घरात राहून सातबारावर नाव लागण्याची वाट पाहिली, त्यांच्यासाठी हा खरोखरचा दिलासा आहे आणि त्यांनी तो घ्यावा. व्यवहार नोटरीवरच झाला असेल तर मुद्रांक शुल्क भरून रीतसर दस्त नोंदवावा लागेल.

पण यातून एकच दोष धुतला जातो: तुकडा लहान होता हा. विकणाऱ्याला मुळात हक्क होता का, बहिणींची सही होती का, जमीन वर्ग २ची होती का, हे प्रश्न होते तिथेच राहतात. लेआउट मंजूर नसेल तर तो मंजूर होत नाही. कागदावर रस्ता नसेल तर रस्ता येत नाही. सात-आठ जणांच्या सामाईक सातबारावर आणखी एक नाव लागलं तर तुमचा दोन गुंठ्यांचा तुकडा नेमका कुठला, हेही त्यातून ठरत नाही. ते ठरतं भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीने आणि चतुःसीमा लिहिलेल्या दस्ताने. मोजणीची "क" प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा, हातात आल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नका.

पूररेषा कुठल्या उताऱ्यावर असते?

कुठल्याच नाही. २००५, २०१९ आणि २०२१ हे तीन महापूर पाहिलेल्या गावात हे मुद्दाम सांगावं लागतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी पोराला पाठ असतं. पण उन्हाळ्यात प्लॉट बघायला गेलं की तो कोरडा आणि सपाट दिसतो, भावही बरा असतो.

पाटबंधारे खातं नदीच्या दोन्ही अंगांना दोन रेषा आखतं. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम निषिद्ध आहे, दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून परवानगी मिळू शकते. म्हणजे मालकी चोख असूनही घर बांधता येणार नाही अशी जागा तुमच्या गळ्यात पडू शकते. यासाठी झोन दाखला आणि भाग नकाशा काढावा. शहरात महापालिकेच्या नगररचना विभागाकडून, आणि २०१७मध्ये प्राधिकरणात घेतलेल्या भोवतालच्या ४२ गावांसाठी कोल्हापूर क्षेत्र विकास प्राधिकरणाकडून. आरक्षण आणि रस्तारुंदीही त्याच नकाशावर दिसते. आणि शेजाऱ्यांना विचारा, २०१९ला पाणी कुठवर आलं होतं. ते हात दाखवून सांगतील.

फ्लॅट घेणाऱ्यांसाठी

महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नोंदणी नंबर बघा. पण ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला तो लागत नाही, आणि उपनगरांतल्या पुष्कळ इमारती एवढ्याच असतात. नंबर असेल तर नोंदणीकृत कराराआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, ताबा लांबला तर व्याजासह पैसे परत मागता येतात, आणि पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर दुरुस्ती त्याने करायची. नंबर नसलेल्या प्रकल्पांना १९६३चा जुना फ्लॅट कायदा आहेच.

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला परवानगी असल्याचा दाखला, नसलेल्या इमारतीत राहायला जाऊ नका, "मिळणारच आहे" असं सांगितलं तरी. जुनी इमारत असेल तर प्रॉपर्टी कार्डवर अजून मूळ जागामालकाचंच नाव आहे का ते बघा. तसं असेल आणि बिल्डर जमीन नावावर करून देत नसेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर होण्याचा, अर्ज करता येतो.

"बँकेने कर्ज मंजूर केलं, म्हणजे कागद चोखच"

बँकेचा वकील बँकेचे पैसे बुडणार नाहीत एवढं बघतो. तुमचा पगार, जामीनदार आणि इतर तारण यांचाही बँकेला आधार असतो. जागेवर पुढे दावा झाला तरी हप्ते तुम्हालाच भरावे लागतात. म्हणून वकील स्वतःचा लावा, विकणाऱ्याने किंवा एजंटाने सुचवलेला नको. त्याचा शोध अहवाल लेखी घ्या आणि समजला नाही तर समोर बसून विचारा. रोखीने २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम देऊ-घेऊ नका, आयकर कायद्यात त्याला मनाई आहे. जागा ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीची असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे.

खरेदी झाल्यावर

दस्त नोंदवून घरी आलं की काम संपलं असं वाटतं, आणि फेरफार तसाच राहून जातो. नोंदणीची माहिती आता तलाठ्याकडे, म्हणजे ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे संगणकावरून जाते. तरी आपला फेरफार धरला गेला का, हे स्वतः बघा. संबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. आली तर ती विवादग्रस्त म्हणून नोंदवून सुनावणी होते. निकाल विरुद्ध गेला तर ६० दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. पण भांडण नोंदीचं नसून हक्काचंच असेल, तर महसूल कार्यालयात वर्षं घालवू नका. त्याचा निर्णय देण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयाला आहे, आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलंच तर ऑगस्ट २०२५पासून त्याचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं.